चांदी काळी का पडते

अंबादासराव गुरुजींची आणि माझी पहिली भेट माझे डोळे मिटलेले असताना झाली. निजामी राजवटीची शेवटची वर्षे होती. सोनपेठजवळच्या आमच्या गावी ते खासगी मराठी वर्ग चालवीत. मी आठ वर्षांची होते. त्यांनी माझ्या हातावर काहीतरी ठेवले. मी म्हणाले, पळी. ते म्हणाले, हे वस्तूचे नाव झाले, कशाची आहे? मला एवढेच सांगता आले की गार हाय. त्यांनी मला वर्गात घेतले.

शिंग, लाख, काच, चामडे, पूर्णेच्या रेल्वेतला पोलादी खिळा ही त्यांची पाठ्यपुस्तके. सगळे लाकूड तरंगते असे एकाने ठासून सांगितले, तेव्हा गुरुजींनी त्यालाच खैराच्या गाभ्याचा तुकडा घागरीत टाकायला लावला. तो बुडाला. एका वस्तूवरून निकाल द्यायचा नाही, तशीच दुसरी घेऊन पाहायची, हा त्यांचा नियम.

या नियमाचे आमच्या घरावर उपकार आहेत.

माझी आई मी लहान असताना वारली. वडिलांनी दुसरे लग्न केले. थोरलीचा, म्हणजे वारलेल्या पहिल्या बायकोचा, कोप होऊ नये म्हणून रीतीप्रमाणे नव्या आईच्या गळ्यात आईचा टाक, तिचा चेहरा उठवलेला चांदीचा लहान पत्रा, घातला. मी तिला मावशी म्हणे. ती वाढायला वाकली की टाकावरचा आईचा चेहरा माझ्या कपाळाला लागे. तो अंगाइतकाच ऊबदार असे. धातू अंगावर राहिला की अंगाची ऊब घेतो हे मी शिकले होते. तरी मी डोळे मिटून घेई.

एका उन्हाळ्यात तो चेहरा काळा पडू लागला. आधी हनुवटी, मग ओठ, मग गाल. शेवटी नुसते डोळे पांढरे राहिले आणि ते माझ्याकडेच पाहत आहेत असे वाटे. घरात कोणी मोठ्याने बोलेना. मावशीच्या अंगाला खाज सुटली होती, तीही थोरलीच्याच रागाने, असे ठरले. विधवा आत्या घरात कर्त्या होत्या. त्या वडिलांना म्हणाल्या, "थोरलीला ही पसंत न्हाई. पुनवेच्या आत हिला माहेरी धाडा." धाडलेली बाई परत येत नसे. मावशीला माहेरी कोणी उरले नव्हते.

मी वर्गात विचारले, चांदी काळी का पडते? मी हे का विचारते ते गुरुजींनी ऐकून घेतले आणि दुपारी घरी आले. मावशीच्या खाजेला काय लावता, एवढेच त्यांनी विचारले. आत्याच रोज करंजाच्या तेलात गंधक खलून तिच्या गळ्याला, छातीला चोळीत. टाक काढून पाहू म्हणण्याची सोय नव्हती. तो गळ्यातून उतरवीत नसत. गुरुजी घरी जाऊन पत्नीला घेऊन आले. त्या माउलीने सर्वांसमोर पायातले एक जोडवे उतरवून पुढे ठेवले. सवाष्णीने जोडवे उतरवलेले पाहून जमलेल्या शेजारणी अपशकून म्हणून उठून गेल्या. गुरुजींनी आत्यांकडूनच अर्ध्या जोडव्याला ते मलम लावून घेतले, फडक्यात बांधायला लावले आणि त्यांच्याच देवळीत ठेवायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यांनी गाठ सोडली. अर्धे जोडवे टाकासारखेच काळे झाले होते.

आत्यांनी ते बोटाने घासून पाहिले. मग आत्या हळू आवाजात म्हणाल्या, "मंग थोरली कुठं हाय, गुरुजी? इतके दिस घरात कोन व्हतं?"

"ते मला माहीत नाही, आक्का. चांदी काळी का पडते, एवढेच मला माहीत आहे."

त्या घरात मी अनेक वर्षे राहिले. आत्यांच्या प्रश्नाचे उत्तर मलाही सापडलेले नाही आणि गुरुजींनी ते बनवून दिले नाही, याचा आदर वाटतो.

मावशी राहिली. आत्यांशी भांडून तिनेच मला पुढे हैदराबादला कॉलेजात पाठवले. आज ती थकली आहे. गुरुजींच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहिते आहे म्हटल्यावर तिने निरोप दिला: "त्येंला म्हनावं, लय जगा. माझं उरलंय ते बी तुमालाच लागू द्या."

मी विज्ञानाची पदवीधर आहे. एकाचे आयुष्य दुसऱ्याला लागत नाही, हे मला कळते. तरी निरोप जसाच्या तसा पोचवते. गुरुजींनी तो नाकारू नये.