जुन्या मशीनच्या आबिदाआपा

नाशिकच्या दूधबाजारातल्या गल्लीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या आबिदाआपांना नव्या मशीनचं कौतुक कधीच नव्हतं. नवं काय, कुणीही चालवतं, असं त्या म्हणत. त्यांचा जीव जुन्यांवर. दहा-बारा वर्षं झालेले, पंख्यात धूळ साचलेले, मालकाच्या शिव्या खाल्लेले डबे त्या मायेनं उघडत. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ठरलेला: याच्यावर काम काय करता? नुसती बिलं छापणारा 'नवी आवृत्ती घालून द्या' म्हणाला की आपा चष्म्यावरून बघत आणि त्याचा उत्साह तिथंच मावळे. बँकेचं काम करणाऱ्याला मात्र त्या स्वतःच बजावत की अपडेट टाळू नका, पण आधी ते झेपेल एवढी मेमरी घाला.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी किशोर सर स्कूटरवर एक संगणक घेऊन आले. डब्यावर झेंडूची वाळलेली माळ तशीच होती. पेठ नाक्यावर सरांचा टायपिंगचा क्लास, पाटीवर 'दहा संगणक, हवेशीर जागा' असं ठळक लिहिलेलं. सर सांगत गेले आणि आपा डोक्याला हात लावून ऐकत राहिल्या. दसऱ्याच्या पूजेला सरांनी दहाही मशीनना हळदकुंकू वाहिलं, माळा घातल्या आणि मुहूर्त चांगला म्हणून दहाही ठिकाणी एकदमच नव्या आवृत्तीचं बटण दाबलं. सणाला माणसं नवे कपडे घालतात, मग मशीननं का घालू नयेत, हा सरांचा विचार.

जुन्या आवृत्तीवर परत जायला काही दिवसांची मुदत असते, हे आपांना ठाऊक होतं. पण तिथंही सरांनी पायावर धोंडा मारून घेतला होता. सणासुदीला जुनं सामान कशाला, म्हणून संध्याकाळी साफसफाईत जुन्या आवृत्तीचं फोल्डरही त्यांनी दहाही मशीनवरून काढून टाकलं होतं.

आपांनी मशीन सुरू केलं. पडदा यायला अकरा मिनिटं लागली. अक्षर दाबावं आणि ते यायची वाट बघत बसावं, अशी गत. मेमरी जेमतेम दोन जीबी आणि नवी आवृत्ती मागे पन्नास कामं काढून बसलेली, त्याला धाप लागणारच. आपांना मशीनची दया आली, सरांची अजिबात नाही.

मुलं समोरच्या क्लासला चौकशी करू लागली होती. पण सरांना खरा घोर सविता गावितचा होता. सविता पेठ गावाजवळच्या पाड्यावरची. नवरा नाशिकच्या एका कचेरीत शिपाई होता. तो गेल्यावर तिला तिथंच अनुकंपा तत्त्वावर कारकुनाची जागा मिळाली, दोन वर्षांत टायपिंग पास व्हायच्या अटीवर. दोनदा ती थोडक्यात हुकली. आता शेवटची परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. नाही जमलं तर नोकरी जाणार, आणि घरी दोन मुली. मिनिटाला तीस शब्द लागतात; दसऱ्याआधी तिचे बत्तीस होत होते. आता एकवीस. मशीन बिघडलंय हे तिच्या मनातही आलं नाही. आपलाच हात गेला असं धरून ती दोन दिवस क्लासला फिरकली नव्हती.

हे ऐकून आपांचा पारा चढला. बाईनं दोन वर्षं घासून कमावलेली बोटं, आणि तिचा त्या बोटांवरचाच भरवसा उडावा, याचा त्यांना मनापासून राग आला. त्यांनी शटर ओढलं, संगणक मांडीवर घेतला आणि सरांच्या मागे स्कूटरवर बसून थेट पेठ नाका गाठला.

आपांचा उपाय सरांना पटेना. दहाही मशीन एकाच खेपेला घेतलेली, आतली मेमरीही एकाच जातीची. पाचांतली काढायची आणि उरलेल्या पाचांत घालायची, म्हणजे त्यांच्यात दुप्पट होईल. पण सरांना दहाचा अभिमान. पाटीवर दहा, पत्रकावर दहा. नवी मेमरी मागवू, म्हणाले. या जुन्या जातीची एवढी जमवायला आठवडा जाईल, आपांनी सांगितलं.

"सर, दहा आजारी हवेत की पाच धडधाकट?"

सरांनी स्वतःच उठून पेचकस आणला आणि पहिला डबा उघडला. दुपारभर आपांनी मेमरी बदलली, मशीन सुरू होताना उगाच जागे होणारे प्रोग्रॅम एकेक करून बंद केले. संध्याकाळपर्यंत पाच मशीन दोन मिनिटांत उभी राहू लागली. विद्यार्थ्यांच्या दोन पाळ्या लावायचं ठरलं. मग आपांनी सरांना सविताचा फोन लावायला सांगितला आणि स्वतःच बोलल्या.

"बेटी, मी मशीनवाली आबिदा. बोटं तुझी बरी आहेत. आजार मशीनला होता. उद्या ये."

सविता आली, पण खुर्चीत बसेना. "आपा, माझ्याच्यानं नाय व्हायचं. हात लय जड झालाय," म्हणाली. आपांनी वाद घातला नाही. स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि फक्त स्वतःचं नाव टाइप कर म्हणाल्या. तिनं केलं. अक्षरं बोटांसरशी उमटली. तिनं पुसून पुन्हा केलं. मग मुलींची नावं, पाड्याचं नाव, आणि बघता बघता सरावाचा अख्खा उतारा. सरांनी गुपचूप घड्याळ लावलं होतं. तेहतीस आले. सविता हसायला लागली आणि सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, याची आपांना फार गंमत वाटली.

निकाल जानेवारीत होता. एका दुपारी दुकानात फोन वाजला. सवितानं नमस्कारही न करता सुरुवात केली. "आपा, माझ्या टेबलावरचं मशीन अपडेट मागतंय. करू का?"

आपांनी सवयीनं साल विचारलं, मेमरी विचारली, आणि मी येऊन बघेपर्यंत हात लावू नकोस म्हणून दम दिला. तिनं काय म्हटलं ते त्यांच्या जरा उशिराच ध्यानात आलं.

"तुझं टेबल?"

"हां आपा. आज निकाल लागला. आता कायमचं माझंच हाय."

आपांनी चष्मा काढला, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला थोडा वेळ थांबायला सांगितलं.