मोटरहोमसाठी धाकटी शोधताना

मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही नॉटिंगहॅमहून निघत होतो, तेव्हा शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "या वेळी कुठे?"

"गाडी बघायला," प्रभाकर म्हणाले.

बाईंनी आमच्या दारातल्या सात मीटर लांब मोटरहोमकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं, आणि हवेबद्दल दोन शब्द बोलून त्या आत गेल्या.

त्यांचं काही चुकलं नाही. चाकांवरचं अख्खं घर दारात असताना माणूस आणखी एक गाडी कशाला शोधतो, हे तसं घर असलेल्यालाच कळतं. मी तीस वर्षं इथल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स होते आणि प्रभाकर मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. दोघंही निवृत्त झाल्यावर आम्ही ही जुनी मोटरहोम घेतली. मी तिला थोरली म्हणते. थोरलीत झोपता येतं, भाकरी थापता येते, बेसिनपाशी उभं राहून भांडताही येतं. फक्त दूध आणायला जाता येत नाही. मागच्या वर्षी डर्बीशरच्या डोंगरात आमचं दूध संपलं. विजेची केबल काढली, पाण्याचा पाइप गुंडाळला, कपाटांना कड्या घातल्या आणि सगळं घर घेऊन चार मैलांवरच्या गावात गेलो. तिथे थोरली उभी करायला जागा मिळेना. गावाला तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला लोक हात हलवायला लागले, तेव्हा तसेच परत आलो आणि काळा चहा प्यायलो. त्या चहावर ठरलं, की थोरलीच्या मागे ओढून नेता येईल अशी एखादी धाकटी बघायची. थोरलीने मुक्कामाला बसायचं, धाकटीने बाजारहाट करायचा.

दोन्ही मीच चालवणार होते. प्रभाकरांना काचबिंदू आहे. तीन वर्षांपूर्वी तपासणीत त्यांच्या नजरेची वरची कड गेलेली निघाली. त्यांनी लायसन्स स्वतःच पाकिटात घालून पोस्टात टाकलं आणि त्या दिवसापासून मला ड्रायव्हिंग शिकवायला घेतलं. मी त्याआधी पंचवीस वर्षं गाडी चालवत होते, ही बाब त्यांनी विचारात घेतली नाही. ते माझ्या डावीकडे बसतात, नकाशा सांगतात, वळणावर "मोकळं आहे" म्हणतात आणि पुढे कोणी दिसलं की पायाने ब्रेक दाबतात. तिथे ब्रेक नाही. मॅटला मात्र भोक पडलं आहे.

पहिला मुक्काम कॉव्हेंट्रीला, शोभाताईंकडे. शोभाताई आमच्या नागपूरच्याच, काउन्सिलमधून निवृत्त झालेल्या. दारात जय भीम झालं आणि आत जाण्याआधीच त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सुनंदा, तू फोनवर म्हणालीस, यांच्यासाठी धाकटी बघायला येतोय. मी दोन दिवस विचार करतेय, विहारातल्या लोकांना सांगायचं काय."

"ताई, गाडी. छोटी गाडी."

"मग नीट सांगावं ना," त्या म्हणाल्या. थोडी निराशाच झाली असावी.

त्यांच्या शेजारी केन नावाचे निवृत्त पोस्टमन राहतात. त्यांना आपली मोपेड विकायची होती. मोटरहोमच्या मागच्या अंगाला लोखंडी फळी बसवायची आणि मोपेड तिच्यावर चढवून न्यायची, म्हणजे ओढायलाच नको, अशी शोभाताईंची कल्पना.

केननी विचारलं, "चालवणार कोण?"

प्रभाकर आपल्या बुटांकडे बघायला लागले. मी हेल्मेट घातलं. गल्लीच्या टोकापर्यंत छान गेले. वळताना गाडीने माझं ऐकलं नाही आणि आम्ही दोघी समोरच्या घराच्या हेजमध्ये (झुडपांचं कापून सरळ केलेलं कुंपण) शिरलो. लागलं काही नाही. केसांत पानं घेऊन मी बाहेर आले, तर प्रभाकर केनना वजनाचं गणित समजावत होते.

"एवढं वजन मागच्या चाकांच्याही मागे लटकलं की मोटरहोमची पुढची चाकं हलकी होतात. मग स्टिअरिंग ऐकत नाही."

केन हेजकडे बघत म्हणाले, "ते तर आताही ऐकत नाहीये."

मोपेड बाद झाली. शोभाताईंनी वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी खाऊ घातल्या, वर डबाही दिला.

दुसऱ्या दिवशी श्रूजबरी. गावाबाहेर एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने दोन माणसांची इवलीशी गाडी जाहिरातीत टाकली होती. पिवळी, गोल, बघताच उचलून पर्समध्ये घालावीशी. मला ती फार आवडली. विक्रेता टोकदार बुटांचा, गोड बोलणारा. मला सारखा 'माय लव्ह' म्हणत होता.

"ही तुमच्या मागे लाडक्या कुत्र्यासारखी चालेल," तो म्हणाला.

प्रभाकर गुडघ्यांवर बसून गाडीखाली बघत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "ही ऑटोमॅटिक आहे ना? इंजिन बंद ठेवून चारही चाकांवर शंभर मैल ओढली, तर गिअरबॉक्सला तेल कोण पाजणार?"

"फार चांगला प्रश्न आहे," विक्रेता म्हणाला. "मी चहा घेऊन येतो."

आम्ही वीस मिनिटं थांबलो. चहाही आला नाही आणि तोही आला नाही. ऑफिसच्या खिडकीचा पडदा मात्र दोनदा हलला. शेवटी आम्ही निघालो. आपला नवरा एका प्रश्नात माणूस गायब करू शकतो, याचा मला अभिमान वाटला, आणि पिवळीसाठी वाईटही वाटलं.

त्याच्या फाटकातून डावीकडे वळायचं होतं. मी विचारलं, "डावीकडे?"

"मोकळं आहे."

मी गाडी वळवायला घेतली. कोण जाणे का, एकदा आरशात बघितलं, आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मागे कपाट उघडून शोभाताईंचा डबा खाली पडला. आमच्या डाव्या अंगाला, अगदी दाराला लागून, सायकलवर एक बाई होती. निळा कोट, पुढच्या टोपलीत फुलकोबी. तिने आमच्या दारावर थाप मारली, काहीतरी बोलली आणि पुढे गेली.

पुढच्या ले-बायमध्ये (रस्त्याकडेला गाडी थांबवायची जागा) थांबून मी फरशीवरची वांगी पुसली. हॉस्पिटलात इतकी वर्षं काढल्यावर, पाच फुटांवरची बाई न दिसणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं. दोन महिन्यांपासून हे डावीकडच्या दाराच्या चौकटीला खांदा घासत होते. मी ते बघत होते आणि बघितलं नाही असं करत होते. पुढची नेत्रतपासणी सप्टेंबरात होती. मी स्वतःला सांगितलं होतं, सप्टेंबर काही लांब नाही.

वेल्समध्ये शिरून आम्ही वेल्शपूल ओलांडलं. एरवी हा रस्ता बोलत जाण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंना हिरवे उतार, त्यांच्यावर पांढऱ्या मेंढ्या, मधूनच दगडी घर. रस्त्यावर दोन भाषांतल्या पाट्या, त्यातली वेल्श वाचायची आम्ही शर्यत लावतो. त्या दिवशी कोणी पाटी वाचली नाही.

तिसरी गाडी एका शेतावर होती. मालकीण ग्वेनबाई, वय ऐंशीच्या आसपास, पायांत गमबूट, अंगावर पुरुषी स्वेटर. त्यांनी आधी किटली ठेवली आणि बारा ब्रिथ (चहात भिजवलेल्या मनुकांचा वेल्श ब्रेड) कापला. लोणी असं लावलं, की वरून दातांचे ठसे उमटावेत. मग कोठाराचं दार उघडलं. आत लाल रंगाची छोटी गाडी होती, साध्या हाताच्या गिअरची. पुढे ए-फ्रेम (मोठ्या गाडीच्या हुकाला अडकवायचा लोखंडी त्रिकोण) आधीच बसवलेली. ग्वेनबाई आणि त्यांचे यजमान इद्रिस आपल्या मोटरहोममागे हीच गाडी ओढत स्कॉटलंडच्या टोकापर्यंत गेले होते. इद्रिस दोन वर्षांपूर्वी वारले.

प्रभाकरांनी सगळं तपासलं. थोरलीने ब्रेक दाबला की धाकटीचाही लागतो का, मागचे दिवे थोरलीबरोबर पेटतात का, थोरलीच्या नंबरची पाटी धाकटीच्या पाठीवर कुठे लावायची. वजन, टायर, खालचा गंज. काही सापडलं नाही म्हणून ते जरा अस्वस्थही झाले.

"घेऊ या," शेवटी म्हणाले.

"मी कुठे द्यायला तयार झालेय?" ग्वेनबाई म्हणाल्या. "कोण चालवणार ते बघितल्याशिवाय मी देत नाही. गेल्या आठवड्यात एकाला परत पाठवलं. क्लचवर पाय ठेवून बसतो."

मी पुढे झाले. त्यांनी मला अंगणात एक फेरी मारायला लावली आणि मान हलवली. मग प्रभाकरांकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही."

"मी चालवत नाही. लायसन्स नाही. डोळे."

"रस्त्यावर नका चालवू. हे माझं शेत आहे. इथे लायसन्स विचारणारी मीच."

"नको," हे म्हणाले.

ग्वेनबाईंनी ते ऐकलं नाही. काठी टेकत गेल्या, मेंढ्यांना हाकलून वरच्या कोपऱ्यात नेलं, फाटक लावलं आणि गाडीची किल्ली यांच्या तळहातावर ठेवली. "पहिल्या गिअरच्या वर जायचं नाही, बाख," त्या म्हणाल्या. बाख म्हणजे वेल्शमध्ये 'बाळा'. अडुसष्ट वर्षांच्या माझ्या नवऱ्याला कोणी बाळा म्हणून बरीच वर्षं झाली होती. ते गाडीत बसले.

मी त्यांच्या डावीकडे बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझा पाय खालच्या मॅटवर ब्रेक शोधायला लागला.

गाडी सुरू झाली. मला वाटलं होतं, तीन वर्षांनी झटका बसेल, इंजिन बंद पडेल. तसं काही झालं नाही. तळ्यात होडी सुटावी तशी सुटली. शेत उंचसखल होतं, आम्ही दोघं सीटवर उडत होतो आणि प्रभाकर हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. लग्नानंतर नागपूरला मित्राची मोटरसायकल मागून आणायचे तेव्हा असे हसायचे. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला एक मेंढी कळप सोडून खाली आली आणि डावीकडे उभी राहून आमच्याकडे बघत राहिली.

"डावीकडे मेंढी आहे," मी म्हटलं.

"दिसली."

गाडी तिच्याकडेच चालली होती.

"अहो, मेंढी."

त्यांनी ब्रेक लावला. मेंढी हातभर अंतरावर होती. ती तशीच उभी राहून चघळत राहिली. प्रभाकरांनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले.

"नाही दिसली," ते म्हणाले. "मघाशी ती सायकलवाली पण नाही दिसली. डावीकडचं गेलंय, सुनंदा. मान वळवल्याशिवाय तू सुद्धा दिसत नाहीस."

"कधीपासून?"

"होळीच्या आसपास. सांगितलं तर तू मला पुढे बसू देणार नाहीस असं वाटलं."

मला रागवायचं होतं. पण मलाही माहीत होतं आणि मीही गप्प बसले होते. तेवढं मी कबूल केलं. मग आम्ही दोघं त्या लाल डबीत थोडा वेळ बसून राहिलो. बाहेर मेंढी कंटाळून निघून गेली.

"आणखी एक फेरी मारू?" त्यांनी विचारलं. "तू सांगत जा. मी ऐकतो."

हे वाक्य त्यांनी लग्नाच्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं. मी ताबडतोब फायदा घेतला. डावीकडे घ्या म्हटलं, डावीकडे घेतली. थांबा म्हटलं, थांबले. उगाचच आणखी दोनदा थांबायला लावलं.

ग्वेनबाईंनी गाडी दिली. पाव्हण्यांनी क्लच नीट वापरला, एवढंच म्हणाल्या. बाकी त्यांनी काय पाहिलं, ते आम्ही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर धाकटीने आपला एक गुण दाखवला. ए-फ्रेमला जोडलेली गाडी पुढे कितीही जाते, मागे जात नाही. एका अरुंद गल्लीत समोरून दुधाचा टँकर आला. मी थोरली रिव्हर्सला टाकली, तर धाकटी मान मुरडून हेजला जाऊन टेकली. उतरून तिला सोडवावं लागलं. मी आधी तिला मागे नेऊन उभी केली, मग थोरलीला, मग पुन्हा दोघींची गाठ घातली. प्रभाकर रस्त्यात उभे राहून, सगळीकडे मान वळवून बघत, हाताने दाखवत होते. टँकरवाल्याने तोवर सँडविच खाल्लं, फ्लास्कमधला चहा प्याला आणि जाताना टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सकाळी आठला प्रभाकरांनी डोळ्यांच्या क्लिनिकला फोन लावला. तिथली माणसं माझ्या ओळखीची आहेत, मी करते म्हटलं, तर नको म्हणाले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. त्यांनी सगळं सांगितलं, काही कमी न करता, सायकलवाल्या बाईसकट. आठवड्याने बोलावणं आलं. नवे थेंब दिले, पुढे एक छोटी शस्त्रक्रिया झाली. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकेल अशी आशा आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. प्रभाकर अजूनही माझ्या शेजारीच बसतात. डावीकडे मी स्वतः बघते आणि थोरलीच्या त्या बाजूला आता एक जादा आरसा आहे.

प्रवासाला निघताना आपण यादी करून निघतो, आणि यादीतलं मिळालं की प्रवास नीट झाला असं म्हणतो. आमच्या यादीत एकच ओळ होती आणि ती मिळाली. पण मला त्या प्रवासातलं आठवतं ते बंद गाडीत शेजारी शेजारी, दोघांनीही समोर बघत बसणं. घरात टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही ते बोललो असतो असं मला वाटत नाही.

परवा ग्वेनबाईंचं पत्र आलं. गाडी कशी आहे, डोळे कसे आहेत, एवढी दोन वाक्यं. खाली ताजा कलम : "पुन्हा फेरी मारायची असेल तर आदल्या दिवशी कळवा. ती एक मेंढी आहे, तिला बांधून ठेवावं लागेल."