शिंगाळ्याचा काटा आणि आईचं हसू

आमच्या आईला दुखलं की ती हसायची.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही मूळचे रत्नागिरीचे, पण बाबा मिठागरावर मुकादम, म्हणून घर भाईंदरला, गोडदेवात. मला पाहून दोन स्थळं परत गेली होती. ("मुलगी फार बोलते," म्हणे! मी एवढंच विचारलं होतं की मुलगा घोरतो का.) तिसरं स्थळ विरारचं. हेही गेलं असतं तर बाबा हायच खाणार होते.

पाहुणेही मूळचे कोकणातले, म्हणून आईने शिंगाळ्याचं कालवण करायला घेतलं. या माशाचा काटा लागला की धडधाकट गडीसुद्धा गुरासारखा ओरडतो. पाहुणे ओटीवर टेकले आणि आत काटा आईच्या डाव्या तळहातात घुसला.

शेजारची जानूआक्का कोळीण धावली. "ऊन पान्यात हात घाल बाय. न्हायतर जीव काढंल तुजा."

"गप. शुभकार्यात बोंब मारली तर अपशकुन म्हणतील," आई म्हणाली, हात पदराखाली घेतला आणि हसत बाहेर गेली.

कळ आली की आई हसे. मुलाची आई खूश. "किती हसऱ्या हो तुम्ही!"

"हॅहॅहॅ," आई म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

मग मुलाचे वडील आपले थोरले भाऊ कसे गेले ते सांगायला लागले. नेमकी तेव्हाच मोठी कळ आली. आई खदाखदा हसली. बाबा पांढरेफटक पडले. मी घाईघाईने म्हणाले, "ते हसतहसतच गेले असतील, असं म्हणायचंय आईला."

(यालाच फार बोलणं म्हणतात.)

ते गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "खरं आहे पोरी. हसतच गेला."

आई आत जाऊन टोपातल्या ऊन पाण्यात हात बुडवून बसली, तर मुलाची आई मागोमाग आत. "हे काय करताय?"

"भाताचं आधण बघतेय, झालं का."

"हात घालून?"

"आमच्याकडे असंच बघतात."

त्या बाईंना ही रीत फार आवडली. कालवण ओरपून झाल्यावर त्या उठल्या, "मुलगी पसंत आहे," म्हणाल्या, आणि आनंदाने आईचे दोन्ही हात घट्ट दाबले.

आईने जी किंकाळी फोडली ती खाडीपलीकडे गेली असेल. डोळ्यांतून धारा लागल्या. "अहो रडू नका, विरार काय लांब आहे?" म्हणत त्याही रडायला लागल्या. सुपारी तिथल्या तिथे फुटली.

लग्नात, पाठवणीच्या वेळी, आई हसत होती. तेच हसू, हॅहॅहॅ. बायका कुजबुजल्या, "पोरगी चालली तरी दात काढते बघा." मी पटकन तिचा डावा हात उलटून पाहिला. तळहातावर काहीही लागलेलं नव्हतं.

अशी माझी आई. आणि मी तिची लेक, जिच्या हाताला मेंदीशिवाय काही लागलं नव्हतं, तिने असं भोकाड पसरलं की बँडवाल्यांनी वाजवणं थांबवून मला पाणी आणून दिलं.