टोकाला काय लागलंय

"टोकाला काय लागलंय ते आधी सांग, मग गणित कर," असं म्हणताना सर उजव्या हाताची करंगळी हवेत वर धरायचे, जणू तारेचं टोक तिथेच आहे. पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी जन्मभर हेच शिकवलं. निवृत्तीनंतर चारकोपच्या आमच्या सोसायटीत ऐकायला मीच होते, त्यांच्या खालच्या मजल्यावरची.

सर हौशी रेडिओवाले, घरच्या सेटवरून दूरदूरच्या माणसांशी बोलणारे. सेट घराच्या गॅलरीत, अँटेना गच्चीवर, मधे काळी जाड केबल. एकदा जिन्यात मला गाठून म्हणाले, "वहिनी, गच्चीवर तुमच्या ओल्या साड्या तेवढ्या अँटेनापासून पलीकडे वाळत घाला ना. तिचा इम्पिडन्स बदलतो, विजेला होणारा अडथळा."

"साड्यांनी?"

"ओल्या साड्यांनी!"

मी हसत साड्या हलवल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं ऐकलं की त्यांचा दिवस बरा जातो.

त्यांचा एकुलता एक मुलगा बाबू जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. रेडिओचा नाद बापाकडूनच घेतलेला. डब्याएवढा एक सेट सोबत न्यायचा. मागच्या वर्षी त्याचं जहाज एका परक्या बंदराबाहेर अडकलं. मालकाने हात वर केले. खलाशांचे पासपोर्ट जप्त, उतरायची परवानगी नाही. डिझेल संपलं, फोन बंद पडले. उरला बाबूचा सेट. काही दिवस त्याचा आवाज आला. "बाबा, पाणी मोजून पितोय," असं शेवटचं बोलला आणि पुढे नुसती खरखर.

सर रोज संध्याकाळी गॅलरीत सेटपाशी बसून बाबूला हाका मारायचे. मला खाली त्यांचा सूर तेवढा ऐकू यायचा, शब्द नाही. त्यांची बायको, आमच्या काकू, आत देवापाशी. लेकाच्या काळजीने मला म्हणायच्या, "झील माझो काय खायत असात गो?"

सकाळी दोघं ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायची. वांद्र्याला जा, मग फोर्टला जा. सगळीकडे एकच उत्तर, "प्रोसेस चालू आहे."

हळूहळू सरांनी मनाशी ठरवूनच टाकलं की दोष आपल्या लाइनमध्येच आहे. खाऱ्या वाऱ्याने सांधे गंजले असणार, अँटेनाचा इम्पिडन्स बिघडला असणार, अर्धी ताकद टोकावरून परत येत असणार. "खाली मीटरवर दिसतं ते टोकाचं नसतं, वहिनी. मधली केबल त्यात आपली भर घालते. तिची लांबी धरून टोकाचं काढावं लागतं." वर्तमानपत्राच्या कडा, दुधाची पिशवी, कॅलेंडर, सगळीकडे आकडेमोड. दाढी वाढलेली. दर वेळी उत्तर वेगळं यायचं आणि ते माझ्याकडे असे बघायचे, जणू मला त्यातलं काहीतरी येत असेल.

"सर, जेवून घ्या."

"तो तिकडे जेवलाय का?"

शेवटी त्यांनी अँटेनाच उतरवली. नवी तार, नवी केबल, सगळं पहिल्यापासून. कितीतरी दिवस भर उन्हात गच्चीवर एकटे, तोवर हाका बंद. जोडून झालं, मीटर हवा तसा लागला, सर पुन्हा हाका मारू लागले. त्याच आठवड्यात फोन आला. खलाशांना उतरवलं होतं. बाबू तापाने जहाजावरच गेला होता.

शवपेटी आली, दिवस झाले. मग एके संध्याकाळी बाबूचा एक सोबती भेटायला आला. गोवंडीचा, गालफडं बसलेली. मी चहा घेऊन वर गेले होते.

"चाचा, तुमचा आवाज यायचा," तो म्हणाला. "रोज."

सरांनी कप खाली ठेवला. "यायचा?"

"एकदम साफ. आमची बॅटरी बोलण्याइतकी नव्हती, ऐकण्यापुरती होती. आम्ही सगळे बसायचो ऐकायला. मग मधेच बंद झाला. बाबूला ताप चढला होता तेव्हा. तो सेट उशाशी घेऊनच होता."

सर गॅलरीकडे बघत म्हणाले, "तेव्हा मी लाइन उतरवली होती."

काकू दारात उभ्या होत्या. त्या पुढे येऊन त्या पोराजवळ जमिनीवर बसल्या.

"त्याच्या आधी काय म्हणालेले हे? शेवटचं?"

"चाचा म्हणाले, 'बाबू, तुझी आई भांडी घासतेय, ऐक.' आणि माइक आत धरला. बाबूने आम्हाला सगळ्यांना जवळ बोलावलं. खूप वेळ ऐकलं आम्ही."

काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

पुढे दोघं कुडाळला निघून गेली. वर आता भाडेकरू आहेत. मला सर आठवतात ते त्या संध्याकाळचे. काकू उठून आत गेल्या. मोरीत नळ सुटला, धुतलेलीच भांडी पुन्हा वाजू लागली. तो पोरगा डोळे मिटून ऐकत होता. सरांनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरून ठेवलं होतं.