वर काका, खाली बाबा

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि मला पदवीधर केले ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या कांबळे गुरुजींनी. फौजदारकीच्या मुलाखतीला मी गेलो तो त्यांचेच बूट घालून. सदाशिव पेठेच्या चौकीवर असतानाचे हे प्रकरण त्यांचे नाव घेतल्याशिवाय मला सांगता येत नाही.

पुण्यात तेव्हा कॉम्प्युटर कंपन्या नुकत्याच वाढू लागल्या होत्या. एका शुक्रवारी एक बाई अर्ज घेऊन आल्या. घटस्फोट झालेला, सहा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे. कोर्टाच्या आदेशाने दर रविवारी वडील मुलीला नेत, पण राहतात कुठे ते सांगत नव्हते.

"विचारलं की म्हणतात, 'पेठेतच.' पत्ता कळेपर्यंत पुढच्या रविवारपासून मुलगी पाठवणार नाही," बाई म्हणाल्या. आदेश मोडू नका, असे मी समजावले आणि स्टेशन डायरीत नोंद केली.

शनिवारी एक आजी आल्या. त्यांनी आपल्या वाड्यातल्या वरच्या खोलीत भाडेकरू ठेवलेला.

"अहो साहेब, अविवाहित आहे म्हणाला. रविवारी एक पोरगी आणतो. म्हणे पुतणी! वर त्याला काका म्हणते आणि जिन्यात हळूच बाबा. पळवून आणलेली तर नसेल?"

"जिन्यातलं हळू बोलणं तुम्हाला ऐकू आलं?"

"जिना माझा आहे," आजी म्हणाल्या.

दोन्ही कागद एकाच टेबलावर होते, तरी मला काही सुचले नाही. रविवारी साध्या कपड्यांत, महिला शिपाई बरोबर घेऊन, मी त्या खोलीवर गेलो. मुलगी वरणभात खात होती. भाडेकरूचा चेहरा पांढरा पडला.

मी मुलीला विचारले, "बाळ, हे तुझे कोण?"

तिने आधी त्यांच्याकडे पाहिले. "इथे काका."

"आणि खाली?"

"खाली बाबा. वर विसरायचं असतं."

महिला शिपाई तोंडाला रुमाल लावून हसू लागली. मी मुलीचे नाव विचारले आणि शुक्रवारचा अर्ज डोळ्यांपुढे आला. बापाला बाजूला घेतले. फार विचारावे लागले नाही.

"साहेब, घटस्फोटित म्हटलं की खोली मिळत नाही. तीन ठिकाणी नकार ऐकला, म्हणून इथे अविवाहित सांगितलं. हिच्या आईला पत्ता दिला की ती चौकशीला येणार आणि खोली जाणार. मग हिला नेऊ कुठे? दर रविवारी बागेत बसवू?"

आजी दाराबाहेरच उभ्या होत्या. "म्हणजे मी बापावर पोलीस घातले?" त्या आत आल्या. "खोली राहील. पण उद्यापासून खोटं नाही. पोरी, मोठ्यानं बाबा म्हणायचं. दुपारी एक ते चार सोडून!"

पत्ता मी बाईंना सांगितला नाही. तो माझा नव्हता. बापाने स्वतःच्या हाताने लिहून दिला. संध्याकाळी चौकीत तो वाचून बाई म्हणाल्या, "एवढंच? मला वाटलं, दुसरा संसार थाटलाय. आणि हा वाडा! मी रोज याच्यासमोरूनच ऑफिसला जाते." मग शेजारी उभ्या असलेल्या मुलीला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी स्वेटर घेऊन जा. त्या गल्लीत ऊन येत नाही."

नोकरीत पुढे भीतीपोटी पत्ता लपवणारी माणसे भेटली, गुन्ह्यापोटी लपवणारीही. पण लाजेपोटी लपवणारी सर्वांत जास्त, आणि ती ओळखायला मला फार लांब जावे लागले नाही. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, मी गुरुजींना हे पत्र टाकले:

"आदरणीय गुरुजी, सविनय जयभीम. मला सरकारी क्वार्टर मिळाले असे मागे लिहिले होते, ते खरे नाही. एका खोलीत राहतो, मोरी सामाईक आहे. तुम्ही येतो म्हणालात तेव्हा बंदोबस्त आहे असे कळवले. बंदोबस्त नव्हता. घराचा पत्ता खाली लिहीत आहे. एस.टी.तून उतरलात की चौकीवर जाऊ नका, सरळ घरी या."