शेजारणीचं नाक

मेसवाल्या काकूंचा जगावरचा विश्वास तसा बेताचाच. मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर त्यांनी उभं आयुष्य सांभाळलं होतं, आणि तेलाच्या डब्यापासून काडेपेटीपर्यंत सगळ्यावर नजर ठेवायची सवय अंगात मुरली होती. निवृत्त झाल्यावर त्या घरूनच चार डबे करून देत. राहायच्या एकट्या, मुलगा-सून दोन गल्ल्या सोडून.

थंडीत त्यांना ताप आला आणि जाताना वासाची जाण घेऊन गेला. लसणाची फोडणी काय नि साबणाचं पाणी काय, सगळं सारखंच. काकूंनी कुणाला अक्षरानं सांगितलं नाही. रस्सा खाली लागतोय हे बाहेरच्या खोलीतून ओळखणारी बाई मी, माझं नाक गेलं म्हणून गावभर सांगत फिरू? हाताच्या सवयीवर स्वयंपाक चालू राहिला.

आणि तेव्हापासूनच माणसं विचित्र वागायला लागली.

आधी शेजारची शिंपीण. एरवी मशीनवरून मान वर न करणारी ही बाई एक दिवस सुई मागायला आली. शिंपिणीच्या घरात सुई नाही? काकूंच्या मनात पाल चुकचुकली. मग ती रोजच यायला लागली. तडक ओट्यापाशी जायची, इकडेतिकडे बघायची आणि काहीतरी पुटपुटून निघून जायची.

पुढे वस्तू गायब होऊ लागल्या. कधी उरलेला रस्सा, कधी तळून ठेवलेले मासे.

"मांजर आलं असेल हो," शिंपीण म्हणाली.

"हो का? आणि मांजरानं पातेलं घासून पालथंही घातलं?"

शिंपिणीनं मशीनचं निमित्त सांगून पळ काढला.

सुनेचंही काही खरं नव्हतं. ऑफिसला जाताना ती स्कूटरवरून डबे पोचवायची. हल्ली लवकर येऊन एकेक डबा उघडून चाखायची. "आई, आज भाजी मी माझ्याकडची भरते, जास्तीची झालीये." गिऱ्हाइकं फोडायचा डाव, दुसरं काय! मुलानं तर शेगडीजवळ एक पांढरी पेटी ठोकली. "असू दे गं, सेफ्टीसाठी," म्हणाला. तिच्यातला तांबडा दिवा दिवसरात्र काकूंकडे टक लावून बघायचा. कॅमेराच असणार! काकूंनी तिच्यावर पिशवी अडकवली. दुसऱ्या दिवशी सून येऊन गेल्यावर पिशवीची घडी फळीवर.

एकदा जिन्यापाशी सून आणि शिंपीण कुजबुजताना दिसल्या. काकू दिसताच दोघी हवापाण्यावर बोलायला लागल्या. काकूंची खात्रीच पटली. म्हातारीला खुळी ठरवायचं आणि घर घशात घालायचं.

त्यांनी सापळा लावला. "बाजारात जाऊन येते गं!" असं शिंपिणीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडून पुढच्या दाराला कुलूप घातलं, मागच्या दारानं आत आल्या आणि मोरीच्या दाराआड उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं कुलूप उघडल्याचा आवाज आला. हिच्याकडे किल्लीसुद्धा! शिंपीण आत आली. तिनं रश्श्यावरचं झाकण उचललं, वाकून हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि पातेलं घेऊन मोरीकडे वळली.

"सापडलीस!"

शिंपीण केवढ्यानं तरी दचकली. "काकू... आंबलाय हो रस्सा."

"काही आंबला नाही. काल तर केलाय."

"परवा केलात. हा घ्या, वास घ्या ना." बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

काकूंनी पातेलं नाकाशी नेलं. काहीच नाही. "चांगला तर आहे," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

"कधीपासून माहीत आहे तुला?" काकूंनीच पुढे विचारलं.

"भात जळून कोळसा झाला आणि तुम्ही बाहेर निवांत भाजी निवडत बसला होतात, तेव्हा सूनबाईंना कळलं. म्हणाल्या, आईंना काही बोलू नका. डबे बंद करतील आणि मग खचतील. किल्ली त्यांनीच दिली."

"आणि ती पेटी?"

"गॅस सुटला तर ओरडते. सुटला होता एकदा. मला खिडकीतून वास आला, म्हणून धावले. पण सांगायचं काय तुम्हाला? सुचलं नाही काही, सुई मागितली."

काकू भडकल्या. "सगळ्यांनी मिळून मला खुळ्यात काढलंत! चल, नीघ."

ती गेली. काकू ओट्याला टेकून बसल्या. या बाईचा यात फायदा काय, हे त्यांनी उलटसुलट तपासलं. काही सापडेना. उष्टी-खरकटी भांडी तेवढी तिच्या वाट्याला आली होती, आणि वर चोरीचा आळ.

संध्याकाळी सून आली. "खरं सांग," काकू म्हणाल्या, "आजची भाजी?"

"करपली होती. माझ्याकडची दिली."

"मला सांगायचं ना गं."

"ऐकलं असतंत?"

काकूंनी रिकामे डबे एकावर एक रचले. मग म्हणाल्या, "नसतं ऐकलं." आणि पदर डोळ्यांना लावत हसल्या. "चार घरांत माझं नाक कापलं जायचं, ते राखलंत पोरींनो. आणि मी दाराआड लपून बसले होते चोर पकडायला."

सकाळी फोडणी टाकण्याआधी त्यांनी स्वतःच भिंतीवर थाप मारली. "अगं ए, मशीन थांबव आणि ये इकडे!"

शिंपीण आली. तिनं भाजी हुंगली, चमचाभर चाखली. "छान झालीये."

काकूंनी डोळे बारीक केले. "खरंच, की माझं मन राखतेस?"

"लसूण कच्चा राहिलाय थोडा."

"मग असं बोल की!" काकूंनी आच वाढवली आणि तिच्यासाठी पाट पुढे सरकवला.