केसभर उंच दाढ

कवळीमास्तरांनी चौतीस वर्षांत एकही दात मुद्दाम चुकीचा बसवला नव्हता. पुढे जे झालं ते कळायला एवढं माहीत असलेलं बरं.

डॉक्टरीणबाईंच्या दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तीत मास्तर बसत. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, घासायचं यंत्र, आणि फळीवर ओळीने प्लास्टरचे जबडे. पुढे बाई माप घेत, मागे मास्तर दात रचत. आसपासचे निम्मे म्हातारे मास्तरांच्या दातांनी हसत होते आणि त्यांतल्या बहुतेकांना मास्तर कोण हेही ठाऊक नव्हतं. मास्तरांना ते सोयीचंच होतं. बोलायला ते फार कच्चे. कुणी समोर आलं की डोळ्यांकडे न बघता जबड्याकडे बघत. बायको म्हणायची, "यांना माणसाचं नाव विचारू नका, दाढा विचारा."

ती जाऊन पाच वर्षं झाली. घरात बोलणारं कुणी उरलं नाही, तेव्हा परदेशातल्या लेकीने टॅब्लेट पाठवला आणि जावयाने त्यात जहाजांचा एक खेळ घालून दिला. प्रत्येकाचं एक बंदर. लाकूड जमवायचं, जहाजं बांधायची, वादळात ती वाचवायची. देशोदेशीच्या तीसेक लोकांचा मिळून एक ताफा आणि ताफ्याला एक कप्तान. मास्तर त्यात रमले. चित्रं पाहून खेळ कळत होता, अडचण निरोपांची होती. कुणी कुठल्याही भाषेत लिहिलं तरी खेळ तो निरोप वाचणाऱ्याच्या भाषेत करून दाखवी. जावयाने खातं उघडलं तिकडे, त्यामुळे मास्तरांना सगळे निरोप तिकडच्या भाषेत. पाटीवर मुंग्या सांडाव्यात तशी ती अक्षरं. भाषा बदलायची तर खातं मोडून बंदर पहिल्यापासून बांधायला हवं होतं. मास्तरांनी कंपनीकडे तक्रार केली. दोन दिवसांत उत्तर आलं, तेही त्याच भाषेत.

जावयाला विचारायची लाज वाटली. या वयात सासरा खेळतो काय आणि अडतो काय. म्हणून त्यांनी विचारलं शेजारच्या जिन्यावरच्या माणसाला. हा त्या देशात अकरा वर्षं कारकुनी करून परत आला होता. सगळे त्याला फॉरेनवाले म्हणत, आणि त्यालाही ते आवडे.

"अहो मास्तर, यात काय. मी वाचतो की," फॉरेनवाले म्हणाले. रोज संध्याकाळी ते येऊ लागले, चहा पिऊ लागले, आणि आठवड्याभरात स्वतःही त्याच ताफ्यात शिरले.

"काय लिहिलंय?" मास्तर विचारत.

"राहू द्या हो. तुम्हाला वाईट वाटेल."

"सांगा तर."

"लिहिलंय, पूर्वेच्या बंदरातला म्हातारा गोगलगाय आहे. त्याने लाकूड साठवून काय लोणचं घालायचंय? शेजारच्या बंदराला देऊन टाकावं."

पूर्वेचं बंदर मास्तरांचं. शेजारचं बंदर फॉरेनवाल्यांचं.

आठ महिने असं चाललं. मास्तर लाकूड देत गेले, शिडं देत गेले. आपण मंद आहोत, लोक आपल्याला कसंबसं चालवून घेताहेत, असं मनाशी धरून ते दुप्पट खेळले. एकही जहाज बुडू दिलं नाही. रोज संध्याकाळी नव्या शिव्या ऐकल्या आणि रोज चहात साखर जास्त घातली, कारण पाहुण्याला तशी आवडे.

मग एके दिवशी बंदराचं दारच उघडेना. जुने निरोप तेवढे दिसत होते, आणि त्यांच्याखाली लाल चौकटीत एक नवा.

"ताफ्यातून काढलं तुम्हाला," फॉरेनवाले म्हणाले. "सगळ्यांचं मत पडलं. मी एकटा काय करणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर डबा न उघडता तो लाल निरोप बघत बसले होते. काउंटरवर बसणारी बाई एका कवळीची चौकशी करायला मागे आली. "काय मास्तर, कुणी गेलं का?" तिने विचारलं. मास्तरांनी टॅब्लेट पालथा घातला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिच्यापुढे सरकवला. तिने आपला फोन त्या अक्षरांवर धरला. फोनवर खालोखाल मराठी उमटली. असं करता येतं हे मास्तरांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

लिहिलं होतं: कप्तानाने तुम्हाला ताफ्यातून काढले आहे. सव्वीस सदस्यांनी कारण विचारले आहे.

"कप्तान कोण यांचा?" तिने विचारलं आणि वर सरकवलं. तिथे कप्तानाचं चित्र होतं. कोट घातलेले फॉरेनवाले.

तिने आणखी तीन निरोप वाचून दाखवले. तिसऱ्यात कुणीतरी लिहिलं होतं की पूर्वेच्या बंदरातल्या आजोबांना कप्तान करू या, ते फक्त हो म्हणू देत. त्याखाली मास्तरांच्या नावाने उत्तर गेलेलं: मला झेपणार नाही, माझ्या शेजाऱ्याला करा. हे उत्तर लिहायला टॅब्लेट कुणाच्या हातात होता हे सांगायला नकोच.

"मास्तर, या माणसाला धरून बडवला पाहिजे," बाई म्हणाली.

मास्तरांनी टॅब्लेट परत घेतला आणि डबा उघडला. पण त्या दिवशी त्यांच्या मनाने डूख धरला. भांडायची त्यांना अक्कल नव्हती. चार शब्द बोलायला गेले असते तर दोन विसरले असते. जिन्यात फॉरेनवाले भेटत, "काय मास्तर, करमत नाही ना?" म्हणत, आणि मास्तर नेहमीप्रमाणे त्यांच्या जबड्याकडे बघत. खाली सात दात होते, त्यातले चार हलत होते. मास्तर थांबायला तयार होते.

फार थांबावं लागलं नाही. दोन महिन्यांत ते सातही दात डॉक्टरीणबाईंनी काढले, आणि हिरड्या भरून आल्यावर फॉरेनवाल्यांचं माप मागच्या खोलीत आलं. मास्तरांनी प्लास्टर ओतलं. साचा सुकल्यावर तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. आठ महिने ज्या तोंडाने आपल्याला गोगलगाय म्हटलं ते तोंड आता त्यांच्या मुठीत होतं.

त्यांनी अशी कवळी केली की बघणाऱ्याने बघत राहावं. रंग जुळलेला, हिरडी अस्सल, पुढचे दात किंचित मागेपुढे, खऱ्यासारखे. फक्त उजवीकडची खालची एक दाढ केसभर उंच. डोळ्याला दिसणार नाही, जिभेला लागणार नाही. पण घास चावला की सगळी कवळी डावीकडून उचलली जाणार आणि हिरडीला घासणार.

चार दिवसांनी फॉरेनवाले गाल धरून दवाखान्यात. बाईंनी कवळी मागे पाठवली. मास्तरांनी दातांमध्ये निळा कागद धरून दाबला. उंच दाढेवर ठसठशीत निळा ठिपका उठला. त्यांनी तो पुसला, शेजारची दाढ हलकेच घासली आणि कवळी परत दिली. पुन्हा चार दिवस. पुन्हा निळा ठिपका, पुन्हा शेजारची दाढ. फॉरेनवाले पातळ पेजेवर आले. 'स' म्हणायला गेले की शिट्टी वाजे. जिन्यातल्या पोरी त्यांना मुद्दाम साडेसहा-साडेसातला 'वाजले किती' विचारू लागल्या. मास्तर वर गॅलरीत उभं राहून ऐकत, आणि पाच वर्षांत लागली नव्हती अशी भूक त्यांना त्या दिवसांत लागे.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई स्वतः मागे आल्या. "मास्तर, तुमच्या हातचं असं कधी झालं नव्हतं. डोळे तपासून घ्या एकदा." आणि त्या आठवड्यात एक माप त्यांनी बाहेरच्या लॅबला पाठवलं. ते मास्तरांच्या काळजाला लागलं. पण हिशेब अर्धा टाकून उठायची त्यांची तयारी नव्हती.

शनिवारी दुपारी बाई जेवायला गेल्या असताना फॉरेनवाले थेट मागच्या खोलीत आले. कवळी रुमालात होती.

"माश्तर, काहीतरी करा. उद्या जुन्या कचेरीतल्या लोकांचं जेवण आहे. मला भाषण करायचंय."

"बसा," मास्तर म्हणाले. त्यांनी कवळी घेतली, पाण्याच्या वाडग्यात टाकली आणि वाडगा आपल्या पलीकडे ठेवला. मग टॅब्लेट फॉरेनवाल्यांपुढे धरला. "वाचा."

"काय वाचू?"

"सगळे निरोप. पहिल्यापासून."

काउंटरवरची बाई फोन घेऊन दारात स्टूल टाकून बसली. "मी ताडून बघते," ती म्हणाली. "चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून."

फॉरेनवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं. "अहो, गंमत होती ती. खेळ तर आहे."

"मग वाचायला काय हरकत आहे," मास्तर म्हणाले.

फोनवर वाचून घेतलेलं मास्तरांना चालणार नव्हतं. ते त्याच तोंडातून यायला हवं होतं. आणि ते आलं, बोळक्या तोंडातून, थुंकी उडवत, अडखळत. पूर्वेच्या बंदराने आज माझी तीन जहाजं वाचवली, आजोबांचे आभार. आजोबा, तुम्ही इतक्या शांतपणे कसे खेळता? माझी मुलगी विचारते, आजोबा आज दिसले नाहीत, तब्येत बरी आहे ना? मास्तर मान खाली घालून दुसऱ्याच कुणाचे दात घासत ऐकत होते. मध्येच एकदा यंत्र बंद करून म्हणाले, "हे परत वाचा." फॉरेनवाल्यांनी परत वाचलं. पाऊण तास लागला.

"झालं," फॉरेनवाले म्हणाले. त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं. "आता दात द्या."

"आता लिहा. सगळं कबूल करा आणि मला आत घ्या."

त्यांनी आपल्या फोनवरून लिहिलं. काउंटरवरच्या बाईने त्यावर आपला फोन धरून खात्री केली. तो ताफा जागाच होता. दहा मिनिटांत मत पडलं आणि पूर्वेच्या बंदराचं दार उघडलं. मास्तर कप्तान झाले.

"आता माझा पहिला हुकूम लिहा," टॅब्लेट पुढे करत मास्तर म्हणाले. "मला ती भाषा येत नाही. शेजारच्या बंदराला ताफ्यातून काढावं. कारण विचारणाऱ्याला कारण सांगावं."

"मी? माझ्याच हाताने?"

"रविवार उद्याच आहे."

फॉरेनवाल्यांनी स्वतःला काढून टाकल्याचा हुकूम एकेक अक्षर दाबून लिहिला आणि पाठवला. मास्तरांनी वाडग्यातून कवळी काढली, निळा कागद दाबला, आणि या खेपेला यंत्र बरोबर त्या ठिपक्यावर टेकवलं. चार मिनिटांचं काम.

फॉरेनवाल्यांनी कवळी चढवून दात मिटले. दोन्ही बाजूंनी एकदम, घट्ट बसले. ते उठले, रुमाल खिशात कोंबला आणि निघाले.

"सहा महिन्यांनी दाखवायला या," मास्तर म्हणाले. या वेळी ते त्यांच्या डोळ्यांत बघत होते.